न ऐकलेलं नाव

माझ्या डाव्या बुबुळावर जो पारदर्शक पडदा आहे तो माझा नाही. तो एका म्हातारीचा आहे. मरण्याच्या अकरा दिवस आधी तिने आपलं नाव मला सांगितलं होतं. माझा कान तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता, खोलीत गोंगाट नव्हता, आणि तरी मी ते ऐकलं नाही.

डोळे बांधून पडून राहायची वेळ ज्यांच्यावर येते त्यांच्यासाठी काही लिही, असं माझा डोळा शिवणारे डॉ. शेषाद्री मला म्हणाले. कोणाला उपयोग झाला तर आनंदच आहे. पण मी लिहायला बसले ती त्या नावासाठी.

स्टूल

बेंगळूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी भूलशास्त्र शिकवत होते आणि त्याला जोडलेल्या इस्पितळात भूल देत होते. त्या काळात, म्हणजे पन्नास-साठच्या दशकांत, भूल देणाऱ्याला फारसं कोणी मोजत नसे. ऑपरेशन झालं की नातेवाईक सर्जनच्या पाया पडत, आणि मी ईथरचा वास अंगावर घेऊन मल्लेश्वरमच्या बसला उभी राहत असे. बसमध्ये शेजारची बाई नाकाला पदर लावून सरकून बसे. जागा ऐसपैस मिळे, एवढाच त्या वासाचा फायदा.

म्हाताऱ्या माणसांची भूल हा माझा विषय. तो मी निवडला असं म्हणणं खोटं होईल. बाकी कोणाला तो नको होता म्हणून माझ्या गळ्यात पडला आणि मग आवडायला लागला. म्हाताऱ्यांना सगळं कमी लागतं आणि हळू लागतं. घाई केली की ते हातातून निसटतात. शेषाद्री मेलेल्या माणसाच्या डोळ्यावरचा पडदा काढून जिवंत माणसाच्या डोळ्यावर शिवत, तेव्हा आमच्याकडे नवीन असलेल्या त्या कामातही भूल माझीच. महाविद्यालयाच्या मागच्या शेडमध्ये कुत्र्यांवर मूत्रपिंड बदलण्याचे प्रयोग चालत, तिथेही मीच. एकाचं काढून दुसऱ्याला बसवण्याच्या त्या सगळ्या खटाटोपात मी टेबलाच्या डोक्याशी स्टुलावर बसलेली असे. आलेला डोळा कोणाचा, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

माझी एक पद्धत होती आणि तिचा मला फार अभिमान होता. मुखपट्टीवर ईथरचे थेंब टाकायला लागण्याआधी मी म्हाताऱ्या माणसाला बोलतं करी. नाव काय, गाव कोणतं, मुलं किती. कन्नड, तमिळ, तेलुगू, दखनी, जे लागेल त्या भाषेत. लोकांना वाटे बाई मायाळू आहे. तसं काही नव्हतं. माणूस बोलत असलं की त्याचा श्वास ऐकू येतो. शब्द अडखळायला लागले की भूल चढते आहे, शब्दामागून घुरघुर आली की हनुवटी वर उचलायची. तेव्हा आमच्याकडे यंत्रं नव्हती. एक बोट कानशिलाच्या नाडीवर आणि कान श्वासावर, एवढीच सामग्री. विद्यार्थ्यांना मी दर वर्षी पहिल्याच तासाला सांगे, "ते काय बोलतात इकडे लक्ष देऊ नका. शब्द सोडा, श्वास ऐका." मुलं ते वहीत लिहून त्याखाली रेघ मारत.

काचेचा कण

औषधाच्या काचेच्या कुपीची मान मोडताना एक कण उडून डाव्या डोळ्यात गेला. मी डोळा धुतला आणि पुढचा पेशंट घेतला. तिसऱ्या दिवशी डोळा लाल, आठव्या दिवशी बुबुळावर जखम, आणि तीन आठवड्यांनी शेषाद्रींच्या अंधाऱ्या खोलीत मी हनुवटी टेकवून बसले होते.

माझा उजवा डोळा लहानपणापासून नावालाच आहे. त्याने मला माणूस आणि कपाट यांतला फरक कळतो, माणूस कोण हे कळत नाही. आजवरचं सगळं शिक्षण मी डाव्या डोळ्यावर केलेलं. शेषाद्रींनी बॅटरी विझवली.

"डाग राहणार?" मी विचारलं.

"राहणार."

"कुठे?"

"मध्यावर." मग बॅटरी खिशात ठेवत म्हणाले, "बघू."

आम्ही डॉक्टर लोक "बघू" कधी म्हणतो ते मला माहीत होतं. मी स्वतः शेकडो वेळा म्हटलं होतं. बाहेर आले, बसस्टॉपवर उभी राहिले, आणि तीन बस डोळ्यांसमोरून गेल्या तरी एकीचीही पाटी वाचता आली नाही. विचारायची लाज वाटली. अडतीस वर्षांची डॉक्टरीण, ही बस कुठे जाते हे कोणाला विचारणार? शेवटी जटका केला. घोड्याच्या टापा ऐकत घरी येताना मी पहिल्यांदा हिशेब मांडला. मी लग्न केलं नव्हतं. मैत्रिणी आपापल्या संसारात. माझं जे काही होतं ते त्या स्टुलावर होतं, आणि ओठ निळे पडतात की नाही हे न दिसणाऱ्या बाईला त्या स्टुलावर कोण बसू देणार?

घरात आम्ही तिघं. माझे थोरले भाऊ अण्णा, वहिनी आणि मी. आमचं घराणं इथे इतक्या पिढ्यांपासून आहे की आमच्या मराठीला महाराष्ट्रातले पाहुणे हसतात. अण्णा सचिवालयात कारकून. कागदाच्या बाबतीत असा माणूस मी पाहिला नाही: कचेरीतली पेन्सिल चुकून खिशात आली तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवणार. सही मात्र अजून मोडीत करत. वडिलांनी शिकवलेली ती लफ्फेदार सही सचिवालयात त्यांच्याशिवाय कोणाला वाचता येत नसे, आणि त्याचा त्यांना छुपा गर्व होता. सोवळं-ओवळं, श्राद्धपक्ष यांत तसूभर फरक चालत नसे. आईच्या श्राद्धाला वडे करपले म्हणून ते वहिनीवर दिवसभर धुमसत असलेले मी पाहिले आहेत.

दुसऱ्याचा पडदा बसवल्याशिवाय मला दिसणार नाही, असं मी जेवताना सांगितलं. अण्णांचा हात थांबला.

"दुसऱ्याचा म्हणजे?"

"मेलेल्या माणसाचा."

"त्याचं क्रियाकर्म व्हायचं असतं, आणि त्याचा डोळा आमच्या देवघरात फिरणार?"

"डोळा नाही, अण्णा. नखाएवढा पडदा."

"नख काय अन् डोळा काय. सरी, तू शिकलेली आहेस. मला विचारू नकोस." सरी म्हणजे बरं, ठीक आहे; हा कन्नड शब्द अण्णांच्या तोंडात बसलेला. ते पान सोडून उठले.

वहिनी हळूच म्हणाल्या, "स्वल्प दिवस जाऊ दे. ते ऐकतील." त्यानंतर दोन महिने घरात त्या विषयावर कोणी बोललं नाही. मी रोज इस्पितळात जात होते, पण फक्त तोंडी व्याख्यानं द्यायला. फळ्यावर लिहिलेलं मलाच वाचता येत नव्हतं.

त्या सकाळी

हा भाग लिहायला मला जड जातो आहे.

एका सकाळी आमच्या विभागातले दोघे आजारी पडले. खुबा मोडलेली एक म्हातारी टेबलावर होती. होसकोट्याकडून येणाऱ्या बसच्या पायरीवरून पडलेली. एका पोलिसाने आणून टाकली होती आणि कोणी नातेवाईक आला नव्हता. कागदावर लिहिलं होतं: वृद्ध स्त्री, अंदाजे सत्तर. आल्यापासून ती वेदनेने आणि तापाने बरळत होती, नाव कोणालाच कळलं नव्हतं. ऑपरेशन आणखी पुढे ढकललं तर ती गेलीच असती. मी म्हटलं, "मी देते."

मला दिसत नाही हे सर्जनला पुरतं माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. ओठ बघायला मी नव्याने आलेल्या, कन्नड न कळणाऱ्या एका नर्सला जवळ उभं केलं आणि बाकी सगळं बोटांवर आणि कानांवर सोपवलं. हा अपराध आहे हे मला तेव्हाही कळत होतं. पण दोन महिन्यांनी मी माझ्या स्टुलावर बसले होते, आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी गप्प राहिले.

"अज्जी, माताडि," मी म्हटलं. आजी, बोला. "नाव काय तुमचं?"

त्या दिवशी ती शुद्धीवर होती. तिने माझं मनगट पकडलं. हात खरखरीत, उबदार. ती म्हणाली, "नन्न हेसरु..." माझं नाव. मग नाव आलं, मग आणखी पुष्कळ काही आलं. ती बोलतच होती, बहुधा तिला कित्येक दिवसांत कोणी काही विचारलं नव्हतं. आणि मी जन्मात कधी ऐकला नसेल इतक्या काळजीने तिचा श्वास ऐकत होते. डोळे नव्हते ना, म्हणून सगळा जीव त्या श्वासात. उजव्या फुप्फुसातली बारीक खरखर मला आज या क्षणी आठवते. "नन्न हेसरु"नंतरचा एक शब्द आठवत नाही.

भूल उत्तम झाली. सर्जन मला शाबास म्हणाले.

पण ताप पुन्हा चढला, बरळणं पुन्हा सुरू झालं, आणि अकराव्या दिवशी सकाळी ती न्यूमोनियाने गेली. खुबा मोडलेली म्हातारी माणसं अशीच जातात, तुझ्या भुलीचा काही संबंध नाही, असं शेषाद्री मला पुढे अनेकदा म्हणाले. मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. रोज ठेवता येत नाही.

त्याच दिवशी दुपारी त्यांनी मला टेबलावर घेतलं. जाता जाता, सहकारी म्हणून, मला धीर यावा म्हणून ते सांगून गेले, "पडदा चांगला मिळाला आहे. तुझीच पेशंट, ती खुब्याची म्हातारी. तिचं कोणी नाही, अधीक्षकांनी परवानगी दिली. बॉडी आता आपल्याच शरीरशास्त्र विभागाला जाईल." मी काही बोलणार एवढ्यात डोळ्यामागे सुई गेली. नियम असा होता की ऑपरेशनला नातेवाईकाची सही हवी. अण्णांना कचेरीतून बोलावून घेतलं होतं. त्यांनी शेषाद्रींना दोन-तीन प्रश्न विचारले म्हणे, आणि सही करून मला न भेटता निघून गेले.

वाळूच्या पिशव्या

आता उपयोगाचं लिहिते.

त्या काळी पडदा शिवल्यावर दोन्ही डोळे बांधून टाकत आणि डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावत. दोन आठवडे उताणं. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, चावायचं नाही, आणि रडायचं नाही. मी स्वतः कितीतरी म्हाताऱ्यांना "अल्लाडबेडि" म्हणून दम दिला होता, हलू नका म्हणून. दम देऊन मी चहा प्यायला जात असे. पहिल्या तासातच मला कळलं की हलू नका म्हटल्यावर माणसाला नाक, कान, पाठ, टाच यांशिवाय दुसरं काही सुचत नाही.

सकाळ कॉफीच्या वासाने कळे. मग फरशी पुसल्याचा फिनेलचा वास, मग राउंडच्या बुटांचे आवाज. दुपार सगळ्यांत वाईट. दुपारी कोणीच येत नसे आणि पंख्याची एकच कुरकुर चालू असे. पाण्यासाठी हाक मारावी तर ती कोणाच्या नावाने मारायची हे कळत नसे, म्हणून मी नुसतीच पडून राहत असे.

भेटायला येणाऱ्यांबद्दल मला फार बोलायचं आहे. लोक येत आणि दाराशी उभे राहत. झोपली आहे समजून कुजबुजत. "बिचारी." "एकटीच ना?" मी टक्क जागी. माझे विद्यार्थी आले, पाच मिनिटं उभे राहिले आणि तसेच निघून गेले. त्यांच्या अंगाच्या ईथरच्या वासावरून मला कळलं. विभागातले दोघं सहकारी माझ्या पलंगाच्या दोन बाजूंना उभं राहून पुढच्या सत्रात माझी व्याख्यानं कोण घेणार याची चर्चा करून गेले, जणू मी मधलं टेबल आहे. मला राग आला, आणि राग आला तर डोळ्यावर ताण येतो म्हणून तोही गिळावा लागला.

फक्त सिस्टर रोझम्मा खोलीत पाऊल टाकतानाच म्हणत, "मी रोझम्मा." दिवसातून वीस वेळा आल्या तरी वीस वेळा. त्या दोन शब्दांनी किती हायसं वाटे ते मला सांगता येणार नाही. डोळे बांधलेल्या माणसाला भेटायला जाल तेव्हा एवढंच करा. फळं नेली नाहीत तरी चालेल, आधी आपलं नाव सांगा.

वहिनी रोज नाचणीची आंबील घेऊन येत आणि तोटीच्या कपाने पाजत. अण्णा आले नाहीत. पहिल्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही.

"अण्णा कुठे आहेत?"

"येतील."

"रागावलेत?"

वहिनींनी कप माझ्या ओठांना लावला. मग म्हणाल्या, "ते ओसरीत झोपतात हल्ली. तू बोलू नकोस, डोळा हलतो."

माझ्यामुळे घर विटाळलं म्हणून भाऊ ओसरीत झोपतो, असा मी अर्थ घेतला. मला वाढवलेला भाऊ. मी मेडिकलला जाते म्हणाले तेव्हा सगळ्या नातेवाइकांशी भांडलेला भाऊ. त्या दिवशी मी रडले. डोळ्याला चालत नाही हे माहीत असून रडले, पट्टी भिजली, आणि शेषाद्री मला खूप बोलले.

मग त्या अंधारात मी म्हातारीकडे वळले. मला दुसरं काही काम नव्हतं. रोज दुपारी मी तिला टेबलावर घेई. खरखरीत हात मनगटावर. ईथरचा पहिला थेंब. नन्न हेसरु. आणि पुढे श्वास. मी नावं लावून बघितली: गौरम्मा, पुट्टम्मा, नंजम्मा, लक्ष्मम्मा. एकही बसेना. कान तर उघडे होते, म्हणजे नाव आत गेलंच असणार. कुठेतरी पडलं असणार. सगळ्या जगात ते फक्त माझ्यापाशी होतं आणि मला सापडत नव्हतं. ती आता शरीरशास्त्र विभागात, प्रेतं बुडवून ठेवायच्या हौदात असेल. मी स्वतः अशाच बिननावाच्या माणसांवर शिकले होते.

नवव्या दिवशी रोझम्मा माझे कपडे बदलताना म्हणाल्या, "अक्का, तुमच्या त्या अज्जीला कोणी नाही म्हणत होते ना? होता की. मुलगा होता. त्याच दिवशी संध्याकाळी येऊन बॉडी घेऊन गेला."

मी उठून बसणारच होते. त्यांनी दोन्ही खांदे दाबून धरले.

"कोण मुलगा? काय नाव?"

"मला काय ठाऊक. वॉर्डातले सांगत होते. फार रडत होता म्हणे."

मला एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या. तिला मुलगा असताना त्याला न विचारता तिचा डोळा घेतला आणि तो माझ्यात आहे, याची शरम. आणि मुलगा आहे म्हणजे नाव आहे, हा आनंद. मी बरी झाले की होसकोट्याला जाईन, त्याला शोधीन, पाया पडेन, आणि विचारीन. उरलेले दिवस मी त्या विचारावर काढले.

चौदाव्या दिवशी खोलीत तपकिरीचा वास आला. मी ओळखलं.

"मी अण्णा," ते म्हणाले. वहिनींनी पढवलं असणार.

ते स्टूल ओढून बसले. मग हात माझ्या हातावर ठेवला. मी रागाने विचारणार होते, इतके दिवस कुठे होतात. त्याऐवजी म्हटलं, "तिला मुलगा आहे, अण्णा. कळलं का तुम्हाला?"

"हं," अण्णा म्हणाले. "आंबील घेतलीस?"

नोंदवही

डोळा उघडला तेव्हा आधी दूध सांडल्यासारखं पांढरं, मग हळूहळू कडा. सहा आठवड्यांनी मी घरी गेले. अण्णांनी दार उघडलं. त्यांचं डोकं मला अगदी बारीक केसांचं, जवळजवळ तुळतुळीत दिसलं. नवा डोळा अजून काहीही दाखवतो, असं म्हणून मी सोडून दिलं.

डोळा जरा स्थिरावल्यावर मी इस्पितळात गेले ती थेट शवागाराच्या कचेरीत. कारकुनाने नोंदवही काढून दिली. मी ती खिडकीशी नेली, नाकाला लागेल इतकी जवळ धरली. तारीख सापडली. ओळ सापडली. वृद्ध स्त्री, अस्थिविभाग, न्यूमोनिया. पुढचा रकाना, ताब्यात घेणाऱ्याचं नातं: मुलगा. मृताचं नाव, वेगळ्या शाईत, मागाहून भरलेलं: कृष्णाबाई.

कृष्णाबाई. मला ते ओळखीचं वाटलं आणि मी हरखले. सापडलं! हेच सांगितलं होतं तिने. मग वाटलं, खेड्यातली कन्नड बाई, कृष्णाबाई कशी असेल? ओळखीचं वाटत होतं ते दुसऱ्याच कारणाने. ते माझ्या आईचं नाव होतं.

शेवटच्या रकान्यात सही होती. तिची एकमेकांत गुंतलेली अक्षरं सोडवण्याइतका माझा डोळा तयार नव्हता. पण वाचायची गरज नव्हती. डावीकडून उजवीकडे न तुटता गेलेली ती लांब लफ्फेदार मोडी सही या शहरात एकच माणूस करत होता.

मी तिथल्या बाकावर बसले. अण्णांचं डोकं तुळतुळीत का दिसलं, ते ओसरीत का झोपत होते, दहा दिवस आणि वर तीन दिवस का आले नाहीत, सगळं एकदम कळलं. ते सुतक पाळत होते, एकट्यापुरतं; माझ्याकडे यायला कोणीतरी हवं म्हणून वहिनींना त्यात घेतलं नव्हतं. आजारी माणसाला सुतकात शिवायचं नाही म्हणून आले नव्हते.

संध्याकाळी ते कचेरीतून आल्यावर मी विचारलं, "अण्णा, कागदावर खोटं लिहिलंत?"

ते टोपी खुंटीला अडकवत होते. पाठमोरेच म्हणाले, "तुझे शेषाद्री म्हणाले, तिला पोरं कापायला घेणार. तिचा डोळा घेऊन तू घरी येणार आणि ती हौदात पडून राहणार. ते मला जमेना."

"पण मुलगा?"

"नातं लिहिल्याशिवाय देत नाहीत. भाऊ म्हणालो असतो तर कारकुनाने वय विचारलं असतं." खुंटीवरची टोपी सारखी करत म्हणाले, "जात विचारायला तिथे कोणी नव्हतं. मीही विचारली नाही."

"आणि आईचं नाव?"

"नावाची जागा रिकामी ठेवता येत नाही म्हणाला. माझ्या तोंडात आलं ते सांगितलं." मग ते वळले. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता, ते नुसतं सांगत होते. "तू ऐकलं असतंस तर तेच लिहिलं असतं."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी रडले. आता रडायला परवानगी होती.

नंतर

वर्षभराने मी स्टुलावर परत बसले. डाव्या डोळ्याने ओठांचा रंग दिसतो; बारीक अक्षराला भिंग लागतं. परत बसण्याआधी मी विभागप्रमुखांना त्या सकाळचं सगळं सांगितलं. ते खूप बोलले. बोलायलाच हवं होतं.

पहिल्याच तासाला सांगायचं ते वाक्य मी आता शिकवत नाही. म्हाताऱ्या माणसाने नाव सांगितलं की मी ते त्याच्यासमोर मोठ्याने म्हणते, बरोबर आहे का विचारते, तो हो म्हणाला की कागदावर सगळ्यांत वर लिहिते, आणि मग मुखपट्टी उचलते. यात अर्धं मिनिट जातं. घाईतले सर्जन घड्याळाकडे बघतात. बघू देत.

भाद्रपदात अण्णा तर्पणाला बसतात. वडील होतात, आई होते, आजोबा होतात. मग ते हातात तीळ आणि पाणी घेऊन थांबतात आणि मान वर न करता मला विचारतात, "आठवलं?"

मी दर वर्षी म्हणते, "नाही."

"सरी," अण्णा म्हणतात, आणि आईचं नाव पुन्हा एकदा घेऊन पाणी सोडतात.